न दिसणारी शुद्धता : दातांच्या दवाखान्यातील गुणवत्ता आणि सुरक्षितता



संस्थेच्या जीवनात पन्नास वर्षांचा टप्पा हा जितका आनंदाचा, तितकाच आत्मपरीक्षणाचाही असतो. केलेल्या कार्याची उजळणी व्हावी, दात्यांचे व कार्यकर्त्यांचे ऋण मान्य करावे, हे योग्यच आहे. परंतु पुढील पन्नास वर्षांत हेच कार्य अधिक निर्दोष कसे होईल, याचाही विचार अशा मंगल प्रसंगी व्हावयास हवा. त्या दृष्टीने या व्याख्यानाचा विषय वरकरणी लहान वाटेल : दातांचा दवाखाना आणि तेथील स्वच्छता. पण ज्या विषयात एका क्षुल्लक निष्काळजीपणाने माणसाचा प्राण जाऊ शकतो, तो विषय लहान म्हणता येत नाही.

करमाड हे छत्रपती संभाजीनगर-जालना रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव. रेल्वे स्थानक आहे, जवळच शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे आणि आसपासच्या खेड्यांची ये-जा सतत चालू असते. एकेकाळी दाढ दुखू लागली की लवंगेच्या तेलाचा बोळा धरून रात्र काढावयाची आणि सकाळी मिळेल त्या गाडीने शहर गाठावयाचे, हाच मार्ग होता. शहरात १९८२ साली शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय सुरू झाले आणि मराठवाड्यातील सामान्य माणसाला शास्त्रशुद्ध दंतोपचार आवाक्यात आले. त्याआधी आणि त्यानंतरही कित्येक वर्षे आठवडी बाजारात पेटी मांडून बसणारा, दात उपटून देणारा आणि तासाभरात बनावट दात पक्का बसवून देणारा इसम हाच अनेकांचा दंतवैद्य होता. आज लहान गावांतही शिकलेले डॉक्टर खुर्ची मांडून बसले आहेत. ही निश्चितच समाधानाची बाब आहे. मात्र सोय जवळ आली म्हणजे सुरक्षितताही आपोआप जवळ आली, असे समजणे धाडसाचे ठरेल.

कापडाची खळ आणि दवाखान्याचा थाट

कापडाच्या बाजारात एक जुनी युक्ती सर्वांना ठाऊक असते. ताणा-बाणा विरळ ठेवावयाचा, सूत हलके वापरावयाचे आणि वरून भरपूर खळ द्यावयाची. दुकानात ते कापड हाताला भरीव लागते, डोळ्यांना चकचकीत दिसते. पहिल्या धुण्यात खळ उतरते आणि खरा पोत समोर येतो. गिऱ्हाईक फसते हे खरे, पण त्याचे नुकसान एका सदऱ्यापुरते असते. पुढच्या वेळी ते दुसऱ्या दुकानाची पायरी चढते.

दातांच्या दवाखान्यातही खळ असते. गुळगुळीत फरशी, वातानुकूलित खोली, भिंतीवरच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या तसबिरी, यांतून रुग्णाच्या मनात विश्वास निर्माण होतो. यात गैर काही नाही. परंतु तोंडात जाणारा आरसा जंतुविरहित आहे की केवळ पुसलेला आहे, हे फरशीवरून कळत नाही आणि डोळ्यांनाही दिसत नाही. कापडाचा पोत बोटांना कळतो. निर्जंतुकता कोणत्याही इंद्रियाला कळत नाही. शिवाय येथे पहिल्या धुण्यासारखी तात्काळ परीक्षाही नाही. दूषित उपकरणातून शिरलेला काविळीचा विषाणू अनेक आठवडे किंवा महिने गप्प राहतो. पुढे यकृताचा आजार उघडकीस येतो, तेव्हा तो दाढ काढल्याच्या दिवसाशी जोडावा, हे रुग्णाच्या ध्यानीही येत नाही. म्हणूनच या सेवेतील गुणवत्ता परिणामावरून नव्हे, तर पद्धतीवरून आणि नोंदींवरून पारखावी लागते.

वाणियंबाडीचा धडा

या म्हणण्यात अतिशयोक्ती वाटत असेल, तर तामिळनाडूतील एक घटना लक्षात घ्यावी. तिरुपत्तूर जिल्ह्यातील वाणियंबाडी हे काही महानगर नव्हे. २०२३ साली या परिसरात मेंदूच्या एका तीव्र संसर्गाचे रुग्ण आढळू लागले. ताप, डोकेदुखी, बोलण्यात अडखळणे, चेहऱ्याच्या नसा दुर्बळ होणे अशी लक्षणे होती. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील तज्ज्ञांनी आणि शासकीय आरोग्य यंत्रणेने शोध घेतला, तेव्हा माती-पाण्यात राहणारा एक जंतू याच्या मुळाशी असल्याचे आढळले. त्यातून होणाऱ्या रोगास मेलिऑयडोसिस म्हणतात. एकूण २१ रुग्णांपैकी १० जणांचा धागा एकाच दंत दवाखान्यापर्यंत पोहोचला आणि त्या दहांपैकी ८ जण दगावले. हा अभ्यास २०२५ मध्ये लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या अनर्थाचे कारण वाचून मन सुन्न होते. तेथे कोणतेही भयंकर यंत्र बिघडले नव्हते की कोणते दुर्मिळ औषध चुकले नव्हते. जखम धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सलाईनची बाटली हिरडी सोडविण्याच्या उपकरणाने उघडली जात होती, पुन्हा सैलसर झाकली जात होती आणि पुढच्या रुग्णांसाठी तीच वापरली जात होती. उघडलेल्या बाटलीतील सलाईनमध्ये तो जंतू सापडला. सलाईनच्या बाटलीची किंमत ती काय? दिवसाकाठी दोन-चार बाटल्या वाचल्या, तर किती रुपये वाचणार? व्यापारी माणसाने हा ताळेबंद मांडून पाहावा : जमेच्या बाजूस काही किरकोळ रुपये आणि खर्चाच्या बाजूस आठ जीव. एवढा तोट्याचा सौदा दुसरा सापडणार नाही. आणि तरीही तो रोज करणाऱ्याला आपण काही वाईट करीत आहोत, असे वाटलेही नसेल. सवय ही अशीच असते.

शुद्धता म्हणजे नेमके काय

सामान्य माणसाच्या भाषेत उकळलेली वस्तू शुद्ध झाली. पिण्याच्या पाण्यापुरते ते बऱ्याच अंशी खरे आहे. परंतु काही जंतू स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून बीजरूपाने टिकून राहतात आणि १०० अंशांच्या उकळत्या पाण्यातही मरत नाहीत. त्यांचा नाश करण्यासाठी दाबाखालील वाफ लागते. लुई पाश्चरचे सहकारी चार्ल्स शाम्बरलाँ यांनी १८७९ साली त्यासाठी यंत्र तयार केले. तेच ऑटोक्लेव्ह. घरातील कुकरचा तो थोरला भाऊ म्हणता येईल. त्यात १२१ अंश सेल्सिअस तापमान आणि दर चौरस इंचास सुमारे १५ पौंड दाब राखून, उपकरणे कशी गुंडाळली आहेत त्यानुसार १५ ते ३० मिनिटे वाफ द्यावी लागते. अधिक तापमानाची, १३४ अंशांची यंत्रे हेच काम थोड्या मिनिटांत करतात.

यंत्र असणे ही मात्र निम्मीच गोष्ट झाली. वाफेत घालण्यापूर्वी उपकरणावरील रक्त आणि लाळ घासून पूर्ण धुतली गेली पाहिजे, कारण वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोहोचत नाही. धुतलेले उपकरण कोरडे करून खास पाकिटात बंद केले पाहिजे, नाहीतर यंत्रातून निघालेली शुद्ध वस्तू ट्रेमध्ये उघडी पडून पुन्हा अशुद्ध होते. पाकिटावर रंग बदलणारी सूचक खूण असते. ती पाकीट उष्णतेतून गेले एवढेच सांगते. आतील जंतू खरोखर मेले की नाही, याची खात्री करण्यासाठी मुद्दाम जंतुबीजे असलेली चाचणी-नळी यंत्रात ठेवून दर आठवड्याला परीक्षा घ्यावी, असा संकेत आहे. आणि या सर्वांची नोंद तारीखवार वहीत व्हावी. रोजकीर्द लिहिली नाही, तर दुकानाचा नफा-तोटा नुसता अंदाज ठरतो. निर्जंतुकीकरणाची वही नसेल, तर दवाखान्याची शुद्धताही नुसता अंदाजच ठरते.

काही ठिकाणी उपकरणे ग्लुटारल्डिहाइडच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची पद्धत आहे. उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी ते उपयोगी आहे. परंतु संपूर्ण निर्जंतुकीकरणासाठी दोन टक्के द्रावणात ती वस्तू सुमारे दहा तास राहावी लागते. एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना दिलेली पाच मिनिटांची बुडी म्हणजे केवळ मनाचे समाधान.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न पडेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे भारतात २०२२ साली हिपॅटायटिस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि हिपॅटायटिस सीचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. त्यांतील बहुसंख्यांना स्वतःलाच त्याची कल्पना नसते. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निर्जीव पृष्ठभागावर किमान सात दिवस टिकू शकतो. म्हणजे सोमवारी एकाच्या रक्ताने माखलेले आणि नुसते पुसलेले उपकरण शनिवारी दुसऱ्याला बाधू शकते. म्हणून दवाखान्यात "हा रुग्ण ओळखीचा, चांगल्या घरचा" असा भेद चालत नाही. प्रत्येक रुग्ण संसर्ग असू शकणारा आहे असे धरून प्रत्येकासाठी सारखीच काळजी घ्यावी, हे आधुनिक दंतवैद्यकाचे पहिले सूत्र आहे.

पाणी, सुई आणि कचरा

पाणी गाळून पिण्याचा संस्कार ज्या समाजात घराघरांत आहे, त्या समाजाला पाण्याविषयी वेगळे सांगावे लागू नये. तरीही दाताच्या खुर्चीतील पाण्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. दात कोरणाऱ्या यंत्राला थंड ठेवणारे पाणी अतिशय बारीक नळ्यांतून येते. रात्रभर साचलेल्या त्या पाण्यात नळीच्या आतील बाजूस जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात ॲनाहाइम येथे २०१६ साली लहान मुलांच्या एका दंत दवाखान्यात अशाच पाण्यातून सत्तरच्या आसपास मुलांना जबड्याच्या गंभीर संसर्गाला तोंड द्यावे लागले. ज्या देशात नियम कडक, तेथे ही स्थिती. म्हणून सकाळी काम सुरू करण्यापूर्वी काही मिनिटे आणि प्रत्येक रुग्णानंतर वीस ते तीस सेकंद नळ्यांतील पाणी वाहू द्यावे, नळ्यांना ठरावीक काळाने जंतुनाशक द्यावे आणि दाढ काढणे किंवा हिरडी उघडणे अशा शस्त्रक्रियेत साधे पाणी न वापरता प्रत्येक रुग्णासाठी नवी फोडलेली निर्जंतुक सलाईन वापरावी, असे शास्त्र सांगते.

भूल देण्याच्या औषधाचेही असेच आहे. या देशात लिग्नोकेनची ३० मिलिलिटरची कुपी सर्रास वापरली जाते आणि एका कुपीतून अनेकांना इंजेक्शन दिले जाते. प्रत्येक वेळी नवी सुई आणि नवी सिरिंज असेल, तर त्यात दोष नाही. परंतु तोंडात एकदा टोचलेली सुई थोडे अधिक औषध घेण्यासाठी पुन्हा कुपीत गेली, तर ती पूर्ण कुपी दूषित झाली आणि नंतरच्या सर्व रुग्णांचा धोका त्या एका क्षणात पेरला गेला. रुग्णाने डोळे मिटून न घेता सिरिंजचे पाकीट समोर फोडले जात आहे, एवढे पाहावे.

कचऱ्याच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम १९९८ मध्ये प्रथम आले आणि २०१६ मध्ये त्यांची नव्याने रचना झाली. काढलेले दात व रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, हातमोजे व प्लास्टिक लाल पिशवीत, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात जमा करावयाच्या असतात. तो कचरा अधिकृत वाहनाकडेच सोपवावयाचा असतो आणि सर्वसाधारणपणे अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक काळ साठवावयाचा नसतो. शहरापासून दूरच्या गावी हे वाहन नियमित यावे, यासाठी डॉक्टरांना पाठपुरावा करावा लागतो. ते केले नाही, तर दवाखान्यातील सुई उकिरड्यावर जाते आणि तेथून ती भंगार वेचणाऱ्या एखाद्या लेकराच्या हातात रुतते. त्या लेकराचा दाताच्या दवाखान्याशी काहीही संबंध नसतो. अहिंसेचा विचार करणाऱ्याला ही साखळी दिसली पाहिजे.

दवाखान्यात काम करणाऱ्या मदतनीस मुला-मुलींचाही विचार व्हावा. वापरलेली धारदार उपकरणे तेच धुतात. जाड हातमोजे आणि हिपॅटायटिस बी लसीच्या तीन मात्रा हा त्यांचा हक्क आहे. मालकाने त्याचा खर्च टाळू नये. त्यांतील अनेकजण याच परिसरातील कुटुंबांतील असतात.

कायदा किती आणि कोठपर्यंत

दंतवैद्यकाचा पहिला केंद्रीय कायदा १९४८ साली झाला आणि १९४९ मध्ये भारतीय दंत परिषद स्थापन झाली. नोंदणीशिवाय दंतवैद्यक करणे हा गुन्हा ठरला. त्या कायद्याच्या जागी नवी रचना आणणारा राष्ट्रीय दंत आयोग कायदा संसदेने २०२३ मध्ये संमत केला. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या निर्णयानंतर मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली.

हे सर्व असूनही एक उणीव राहतेच. वैद्यकीय आस्थापनांची नोंदणी व किमान दर्जा यांविषयी केंद्राने २०१० मध्ये केलेला कायदा राज्यांनी स्वीकारावयाचा होता. महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. रुग्णालयांना दर्जाचे मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने दंत दवाखान्यांसाठीही निकष ठरविले आहेत, पण ते घेणे ऐच्छिक आहे. वजन-मापाची तपासणी करणारा निरीक्षक दुकानात येतो आणि तागडीवर शिक्का आहे की नाही ते पाहतो. एका खुर्चीच्या दवाखान्यात ऑटोक्लेव्हची वही पाहण्यासाठी असा निरीक्षक नियमितपणे दार ठोठावत नाही. मग ती वही कोणी पाहावी? याचे उत्तर एकच : खुर्चीत बसणाऱ्याने.

विचारणे म्हणजे अविश्वास नव्हे

मराठी माणूस डॉक्टरांसमोर संकोचतो. "साहेबांना कसे विचारावे?" या संकोचापायी प्रश्न घशातच राहतो. वस्तुतः प्रामाणिक डॉक्टरांना असा प्रश्न आवडतो, कारण त्यांनी घेतलेल्या, न दिसणाऱ्या कष्टांची दखल त्यातून घेतली जाते. दवाखान्यात नोंदणी क्रमांक लावलेला आहे का, उपकरणांचे पाकीट समोर उघडले जाते का, हातमोजे प्रत्येक रुग्णागणिक बदलले जातात का, ऑटोक्लेव्हची वही आहे का, असे चार प्रश्न नम्रपणे विचारावेत. पाचवी गोष्ट रुग्णाने स्वतः सांगावयाची आहे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपेचा आजार, रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, गर्भावस्था किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी असल्यास ती दडवू नये. पहिल्या भेटीत डॉक्टर यांपैकी काहीच विचारत नसतील, तर तो गुणवत्तेतील मोठा दोष समजावा.

जैन श्रावकांसाठी आणखी दोन बाबी महत्त्वाच्या आहेत. पहिली उपवासाची. एकासन, चौविहार किंवा अठाईच्या काळात दाढ काढण्याचे ठरविले, तर दिवसातून तीन वेळा घ्यावयाच्या गोळ्यांचे काय करणार, हे आधी ठरले पाहिजे. उपाशीपोटी भूल घेतल्याने चक्कर येण्याचा संभव असतो आणि अर्धवट घेतलेले प्रतिजैविक औषध फायद्याऐवजी अपायच करते. तातडीची वेदना नसल्यास उपचाराचा दिवस पारण्यानंतरचा ठरवावा. तातडीची असल्यास डॉक्टरांना व्रताची स्पष्ट कल्पना द्यावी.

दुसरी बाब साहित्याची. दाढ काढल्यानंतर रक्त थांबविण्यासाठी जखमेत ठेवला जाणारा स्पंज अनेकदा जिलेटिनचा, म्हणजे प्राणिजन्य असतो. जबड्यात हाड भरण्यासाठीची एक प्रचलित भुकटी गोवंशाच्या हाडापासून तयार होते. टाके घालण्याचा काळा धागा बहुधा रेशमाचा असतो आणि रेशीम कसे निर्माण होते, हे कापडाच्या पेढीवर वाढलेल्यांना सांगणे नको. औषधांच्या बहुतेक कॅप्सूलचे आवरणही जिलेटिनचेच असते. यांपैकी बहुतेकांना पर्याय उपलब्ध आहेत : वनस्पतिजन्य सेल्युलोजचे रक्तस्तंभक, कृत्रिम हाडभुकटी, नायलॉनचा अथवा विरघळणारा कृत्रिम धागा, कॅप्सूलऐवजी गोळी. परंतु हे शस्त्रक्रियेच्या आधी विचारले, तरच डॉक्टरांना मागविता येते. ऐनवेळी रक्त वाहत असताना रुग्णाचा जीव प्रथम; तेथे हट्ट उपयोगाचा नाही. उपचारापूर्वी सर्व माहिती मिळणे आणि तिच्यावर विचार करून संमती देणे, हाही सुरक्षित सेवेचा भाग आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

आणि एक कटू गोष्ट ग्राहकांविषयीही. नवी सिरिंज, नवी सलाईन, पाकिटे, हातमोजे, कचरा नेणाऱ्यांचे शुल्क, यंत्राची देखभाल या प्रत्येकाला पैसे पडतात. "पलीकडचा पन्नास रुपये कमी घेतो" असे म्हणून घासाघीस करणारा रुग्ण नकळत डॉक्टरांना खर्च कोठेतरी छाटावयास सांगत असतो. भाव पडला की सूत हलके होते, हा बाजाराचा नियम दवाखान्यालाही लागू आहे. रुग्णाला न दिसणारी वस्तूच प्रथम छाटली जाते. चोख मालाला चोख दाम द्यावयाची तयारी असेल, तरच चोखपणा मागण्याचा अधिकार पोहोचतो.

शिबिरांचा हिशेब

आता या व्याख्यानाच्या मूळ हेतूकडे वळणे प्राप्त आहे. धर्मादाय ट्रस्टांच्या कार्यात मोफत आरोग्य शिबिरांना मानाचे स्थान असते. दंत शिबिर भरते, गावोगावचे रुग्ण येतात, फलकासमोर छायाचित्र निघते आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तात रुग्णांचा आकडा झळकतो. आकडा जितका मोठा, तितके पुण्य मोठे, असा समज रूढ होत चालला आहे. त्या आकड्याचा हिशेब साध्या व्यापारी पद्धतीने मांडून पाहावा.

समजा, शिबिरात दात काढण्याच्या उपकरणांचे दहा संच आणि एक ऑटोक्लेव्ह आहे. शिबिर पाच तासांचे आहे. पहिल्या तासात दहा रुग्णांसाठी दहा संच वापरले गेले. ते धुणे, कोरडे करणे, पाकिटात घालणे, यंत्र चालविणे आणि थंड होऊ देणे, यास दीड तास धरावा. अडीचाव्या तासाला तेच दहा संच पुन्हा हाती येतात आणि साडेतीन तासांपर्यंत आणखी दहा रुग्ण होतात. पुन्हा दीड तास जातो आणि पाच तास संपतात. एकूण रुग्ण वीस. अशा शिबिराच्या वृत्तात "शंभर रुग्णांचे दात काढले" असे छापून आले, तर उरलेल्या ऐंशी रुग्णांसाठी शुद्ध उपकरणे कोठून आली? दुकानाच्या शिलकीत एवढी तफावत निघाली, तर मालक रात्रभर झोपणार नाही. येथे मात्र हार-तुरे दिले जातात.

नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यातील एका शासकीय कुटुंबनियोजन शिबिरात काही तासांत ८३ महिलांच्या शस्त्रक्रिया उरकण्यात आल्या आणि त्यानंतर १३ महिलांना प्राण गमवावे लागले. ते शिबिर दातांचे नव्हते आणि मृत्यूंच्या कारणांवर पुढे पुष्कळ वादही झाला. तथापि आकड्यामागे धावणारी सेवा कोणत्या वळणावर जाऊ शकते, याचे ते उदाहरण कायमचे नोंदले गेले आहे.

मोफत शिबिरात येणारा रुग्ण बहुधा गरीब असतो. तो प्रश्न विचारीत नाही, पावती मागत नाही आणि पुढे त्रास झाल्यास दाद मागावयास परतही येत नाही. जो पैसे देतो त्याला शुद्ध उपकरण आणि जो हात जोडून येतो त्याला पुसलेले, असा भेद दानाच्या नावाखाली घडत असेल, तर ते दान दोषयुक्त आहे. प्रत्येक क्रिया जपून, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही अशी करावी, यालाच यतना म्हणतात. यतनेवाचून केलेली सेवा ही केवळ गडबड होय.

यास्तव सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टने काही साधे निर्णय घ्यावेत, अशी नम्र सूचना आहे. शाळेच्या खोलीत किंवा मंगल कार्यालयात भरणाऱ्या शिबिरात फक्त तपासणी, दात घासण्याचे योग्य शिक्षण आणि तंबाखू-गुटख्यामुळे तोंडात दिसणाऱ्या पांढऱ्या-लाल चट्ट्यांची पाहणी व्हावी. तपासणीचे आरसेही रुग्णसंख्येइतके, आधीच पाकीटबंद करून आणलेले असावेत. ज्यांना दात काढणे वा भरणे आवश्यक आहे, त्यांना चिठ्ठी देऊन पुढील दिवसांत सुसज्ज दवाखान्यात अथवा शहरातील शासकीय दंत रुग्णालयात पाठवावे. गाडीभाड्याचा आणि उपचाराचा खर्च शिबिराच्या मंडप-भोजनातून वाचवावा. ज्या दवाखान्याशी ट्रस्ट सहकार्य करील, तेथील निर्जंतुकीकरणाची वही एका विश्वस्ताने महिन्यातून एकदा पाहावी. एखाद्या दात्याला नाव लावावयाचे असेल, तर त्याने खुर्चीऐवजी ऑटोक्लेव्ह आणि उपकरणांचे पंचवीस संच द्यावेत. आणि पुढील वृत्तान्तात "किती रुग्ण तपासले" याच्या शेजारी "किती संच वापरले" हाही आकडा छापावा. दोन्ही आकडे जुळले, तरच कार्य जुळले.

मंडपाची शोभा दुसऱ्या दिवशी उतरते. पाकिटात बंद केलेला एक शुद्ध चिमटा कोणाला दिसत नाही, त्याचे छायाचित्रही निघत नाही. पण त्याच्यामुळे शेंद्र्याच्या कारखान्यातील एखादा कामगार किंवा शेतमजूर बाई निरोगी घरी परतते आणि आपल्यावर कोणते संकट आले नाही, हे तिला कधी कळतही नाही. पन्नास वर्षे सेवा केलेल्या संस्थेने पुढील पन्नास वर्षांसाठी असे न दिसणारे पुण्य निवडावे, एवढीच प्रार्थना.

जय जिनेंद्र!